धार सोडलेला माणूस

चहा सोडलेला माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो. स्वतः चहा पीत नाही एवढ्यावर त्याचं भागत नाही. तो आपल्या कपाकडे बघतो. गुटखा सोडलेला आपल्या खिशाकडे बघतो. पहाटे फिरायला लागलेला आपल्या पोटाकडे बघतो. आमच्या धारूरात आबा आहेत. त्यांनी धार सोडली आहे आणि ते आपल्या विळीकडे बघतात.

धार सोडली म्हणजे हत्याराला धार लावणं सोडलं. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत साणेला बोट लावलेलं नाही, हे ते एकादशी मोडली नसल्यासारखं सांगतात. आता ज्या गावाच्या नावातच धार आहे तिथं असलं व्रत घेऊन राहायचं म्हणजे अवघडच. इथला किल्ला आदिलशाहीतल्या किश्वरखानानं 1567 च्या सुमारास बांधला. पुढं मोगलांनी तो घेतला आणि गावाला फतेहाबाद म्हणू लागले. ते नाव काही टिकलं नाही. हा इतिहास मी शाळेत तीस वर्षं शिकवला, पण नाव न टिकल्याचं वाईट वाटलेला माणूस मला एकच भेटला. "फतेहाबाद बरं होतं गुरुजी," आबा म्हणाले, "त्याच्यात धार नव्हती."

आबा मूळचे इथलेच. आयटीआयला टर्नर झाले आणि वाळूजला एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं लेथवर उभे राहिले. उभे राहिले हे शब्दशः. अजून त्यांना बसून बोलता येत नाही. निवृत्त होऊन आले ते गुडघेदुखी, पीएफ आणि एक पत्र्याची पेटी घेऊन. गुडघ्यांना तेल चालू आहे. पीएफमधून पडवी झाली. पडवीत लोखंडी चॅनलवर दोन बेअरिंगं आणि भंगारातली एक हॉर्सपॉवरची मोटर बसवून लाकडाचा लेथ उभा राहिला. पेटी मात्र बरेच दिवस कुणाला उघडून दाखवली नव्हती. तिच्यात विडिया होता.

विडिया म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी आबांना विचारू नये, मीच सांगतो. माझ्याकडून लवकर सुटका होईल. कागदावर त्याला टंगस्टन कार्बाइड म्हणतात, पण भोसरीपासून वाळूजपर्यंत कुठल्याही शेडमध्ये जा, जुना कारागीर विडियाच म्हणणार. जर्मनीत बल्ब करणाऱ्या ओसराम कंपनीला बल्बातली टंगस्टनची बारीक तार ओढायला साचे लागायचे. साचे हिऱ्याचे असत, आणि हिरा कुणाला परवडतो? म्हणून तिथल्या कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये कालवून, दाबून, भट्टीत भाजून काढली. 1923 सालची गोष्ट. पुढं क्रुप कंपनीनं तो माल बाजारात आणला आणि 'हिऱ्यासारखं' या अर्थाच्या जर्मन शब्दांतून त्याचं नाव केलं विडिया. साठच्या दशकात बंगळूरलाच त्याचा कारखाना निघाला आणि नाव आपल्याकडच्या लेथांवर रुजलं. धारूरात ते रुजायला जरा त्रास पडला. "आबांकडं विडिया हाय" ही बातमी गल्लीत पसरली तेव्हा संध्याकाळी सात-आठ म्हाताऱ्या सतरंजी घेऊन पडवीत आल्या. त्यांना वाटलं, पारायणाचा लावलाय.

आबांनी त्यांनाही परत पाठवलं नाही. लाडवाचं उदाहरण त्याच दिवशी जन्माला आलं. "कार्बाइड म्हंजे रवा," आबा म्हणाले, "आन् कोबाल्ट म्हंजे पाक. पाक कमी, तर लाडू टणक, पण आपटला की फुटला. पाक जास्त, तर लाडू आपटला तरी फुटत न्हाई, पण टणकपणा गेला. कारखान्यात कामापरमानं पाक ठरवत्येत. त्याला ग्रेड म्हणायचं." म्हाताऱ्यांना हे पटलं. एकीनं तर सुनेच्या लाडवांची ग्रेडही सांगितली. मी हे मुद्दाम नोंदवून ठेवतोय, कारण पुढं खुद्द आबाच हे विसरले.

हत्यार दिसायला अगदी गरीब. हातभर लाकडी मूठ, पुढं चौकोनी पोलादी दांडी, आणि दांडीच्या टोकाला स्क्रूनं बसवलेली नखाएवढी चौकोनी वडी. तिला म्हणायचं टिप. टिपेच्या चारी बाजूंना धार असते. एक बाजू बोथटली की स्क्रू ढिला करायचा, टिप पाव फेरा फिरवायची, स्क्रू आवळायचा, झालं. दगड नको, पाणी नको, ठिणग्या नकोत. चारी बाजू संपल्या की टिप टाकायची, नवी लावायची. बाभूळ, चिंच, वाळलेला शिसम, ज्या लाकडांवर पोलादी पटाशी दर थोड्या वेळानं साणेवर न्यावी लागते, तिथं ही वडी दिवसचे दिवस चालते. हे सगळं खरं आहे. आबांच्या बोलण्यात खोटं काहीच नसतं, हीच तर पंचाईत आहे.

चारी बाजू संपल्या की टिप टाकायची, असं मी म्हटलं. आबा टाकत नाहीत. त्यांच्याकडं एक वही आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचं नाव, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचं कारण असतं, तशी त्या वहीत प्रत्येक टिपेची नोंद आहे. टिप 4, बाजू 1: शिसमाचा पलंग, पुढचे दोन खूर. बाजू 2: मागचे दोन खूर आणि एक रवी. बाजू 3: पाळण्याच्या खुंट्या. चौथ्या बाजूपुढं बऱ्याच ठिकाणी 'राखून' असं लिहिलेलं आहे. कारण टिप संपवणं आबांच्या जिवावर येतं. संपलेल्या टिपा विक्सच्या डबीत जातात. डबी हातात घेतली की दचकायला होतं. पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड माल, एवढ्याशा डबीत देवळातल्या दानपेटीचं वजन. भंगारवाला ती डबी किलोच्या भावानं, आणि चांगल्या भावानं, घ्यायला तयार आहे. आबा त्याला पडवीत येऊ देत नाहीत.

पडवीत यायचे नियम आहेत. उपरणं, मफलर, गळ्यातला रुमाल बाहेर खुंटीवर. टोपी चालेल. लांब बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या. हातमोजा घालून लेथजवळ कुणी गेलं तर आबा मोटर बंद करून त्या माणसाकडं नुसतं बघत राहतात. फिरत्या लाकडानं कापड धरलं की माणूस मागोमाग जातो, हे त्यांनी पाहिलेलं आहे आणि त्याबद्दल ते जास्त बोलत नाहीत. एवढा एकच विषय, ज्यावर आबा कमी बोलतात. म्हणून आम्ही सगळे तो नियम पाळतो. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले एक प्रतिष्ठित पाहुणेसुद्धा भरजरी उपरणं खुंटीला लावून आत गेले आणि दीड तासानं बाहेर आले तेव्हा लग्न कुणाचं होतं ते त्यांना आठवेना.

आमच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कातारी नाना राहतात. वय ऐंशीच्या पुढं. त्यांच्या वडलांचा लेथ दोरीवर फिरायचा. एक जण दोरी ओढायचा, एक जण पटाशी धरायचा. नानांनी मोटर बसवली, पण हत्यारं तीच ठेवली: जुन्या कानशी ठोकून केलेल्या तीन पटाश्या, एक सरळ, एक गोल, एक तिरपी. नाना काम करताना पटाशीच्या धारेची पाठ आधी फिरत्या लाकडावर टेकवतात, नुसती घासू देतात, आणि मग मूठ केसभर उचलतात. तेवढ्यात लाकूड सोलून निघतं आणि लांबच लांब साल त्यांच्या खांद्यावरून मागं पडते. आबांची रीत वेगळी. त्यांना टेकवायचं-उचलायचं काही नाही. दांडी जमिनीला समांतर धरायची, टिप लाकडाच्या मध्यावर, आणि सरळ आत. शिकायला एक दुपार पुरते. नानांची विद्या हाताला बसायला वर्षं लागतात. हे आबा सांगतात तेव्हा जिंकल्यासारखे सांगतात आणि नाना ऐकतात तेव्हाही जिंकल्यासारखेच ऐकतात.

एकदा दोघांना मी समोरासमोर बसवलं. म्हणजे नाना बसले, आबा उभे. आबांनी तासभर विडियाचं माहात्म्य सांगितलं. नानांनी वाकून लेथखालचा भुसा चिमटीत घेतला, बोटांत चोळला आणि म्हणाले, "आबा, माज्या हत्याराच्या कुरडया पडत्येत. तुज्या हत्याराचा रवा पडतोय."

वार बरोबर बसला होता. सपाट टिप लाकूड सोलत नाही, खरवडते. शिसमासारख्या घट्ट लाकडावर ते खपून जातं. आंब्याच्या लाकडावर मात्र लव उभी राहते, आणि ती घालवायला ऐंशी नंबरच्या पॉलिशपेपरपासून सुरुवात करून चारशेपर्यंत चढत जावं लागतं. हा वेळ आबा धरत नाहीत. ते 'फिनिशिंग'मध्ये जातं.

"पण नाना, धार लावण्यात तुमचा किती टाईम जातोय? दिवसाला दोन घंटे?"

"जातोय की."

"मग?"

नाना खरोखर गोंधळले. "आरं, धार लावायची बंद केली तर मी च्या कवा पेऊ?"

धार न लावून वाचलेल्या वेळाचा हिशेबही आबांनी ठेवला आहे. रोजची चाळीस मिनिटं. महिन्याचे वीस तास. वर्षाचे दहा दिवस. आता हा वाचलेला वेळ जातो कुठं, हा प्रश्न मी वहिनींना, म्हणजे आबांच्या मंडळींना विचारला. त्या लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "विडियानं कसा येळ वाचतो ते लोकांना सांगण्यात. वाळूजला सुट्टीच्या दिवशी घरी धार लावत बसायचे तवा बरं होतं गुरुजी. गरगर आवाज असायचा, तोंड गप असायचं."

वहिनींची खरी अडचण निराळी. आबांनी धार सोडली ती लेथपुरती नाही. व्रत म्हटलं की ते घरालाही लागतं. सहा वर्षांत घरातल्या विळीला धार लागलेली नाही. त्या विळीवर आता काकडी दबते, टोमॅटोची समजूत काढावी लागते आणि शेपूची जुडी आपणहून दोन भाग व्हायला तयार झाली तरच होते. आबांचं म्हणणं, विळीच्या पात्यालाही टिपा बसवू, थोडं थांब. वहिनी सहा वर्षं थांबल्या. मग धारवाला आला.

सायकल स्टँडवर उभी करून मागच्या चाकाच्या जोरावर दगड फिरवणारे धारवाले आता फारसे दिसत नाहीत, पण आठवडी बाजाराच्या आगेमागे एखादा अजून गल्लीत आरोळी देतो. आबा बँकेत गेलेत असं पाहून वहिनींनी विळी बाहेर काढली. बँकेत लिंक नव्हती. आबा परत आले तेव्हा विळीच्या ठिणग्या दारात उडत होत्या. दुसरा एखादा नवरा चिडला असता. आबांना मात्र श्रोता मिळाला होता, तोही सायकलीवर बसलेला, म्हणजे पळता न येणारा. त्यांनी त्याला विडियाची सगळी हकिगत सांगितली, मग आतून एक संपलेली टिप आणून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "हिला लाव धार. लागली तर शंभर रुपये."

धारवाल्यानं पायडल मारायला सुरुवात केली. कार्बाइडला साधा दगड चालत नाही. त्याला हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड लागतो नाहीतर हिऱ्याची चकती. हे आबांना माहीत होतं, धारवाल्याला नव्हतं. पाच मिनिटं त्यानं घाम गाळला. टिप होती तशीच. दगडात मात्र बोट बसेल अशी खाच पडली. धारवाल्यानं दगडाकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "मालक, तुमच्या वडीनं माज्या दगडालाच धार लावली. शंभर द्या." आबांनी दिले. वर चहा पाजला. विळी तशीच अर्धी राहिली. तिच्या मागच्या निम्म्या पात्यावर आता भाजी चिरली जाते आणि पुढच्या निम्म्यावर तत्त्वनिष्ठा.

माझ्या घरचं प्रकरण लाटण्याचं. आमच्या मंडळींचं लाटणं मोडलं आणि मी बोलून गेलो की आबांना सांगतो. चार महिने लागले. रोज संध्याकाळी प्रगती कळायची: आज लाकूड निवडलं, आज सुकतंय, आज टिप 9 ची तिसरी बाजू लावली, आज लाईट गेली. शेवटी आबा स्वतः घेऊन आले. शिसमाचं, आरशासारखं, दोन्ही टोकांना सुबक मणी. सोबत व्हर्नियर आणला होता. त्यांनी या टोकाला मोजून दाखवलं, मध्ये मोजून दाखवलं, त्या टोकाला मोजून दाखवलं. सगळीकडं बत्तीस मिलिमीटर. केसाचा फरक नाही.

मंडळींनी लाटणं हातात घेतलं, पोळपाटावर दोनदा फिरवलं आणि पदर नीट करत म्हणाल्या, "भावजी, याला पोट नाही."

आबांना कळेना. मग त्यांना जुन्या मोडक्या लाटण्याचा तुकडा दाखवण्यात आला. लाटणं मध्ये किंचित फुगीर आणि टोकांकडं निमुळतं असतं. म्हणून तर पोळी त्याच्याखाली आपोआप गोल फिरते. सरळ दांडक्यानं ती फिरत नाही, नुसती लांब होत जाते. आबांनी तुकडा निरखून पाहिला. अठ्ठावीस वर्षं ज्या हातानं शतांश मिलिमीटरचा फुगवटा दिसला की माल नाकारला, त्या हाताला हे पटणं अवघड होतं. "वहिनी, हे पोट टॉलरन्सच्या बाहेर हाय," ते हळूच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मंडळींनी नानांकडून पोटाचं लाटणं आणलं. आबांच्या लाटण्यानं मी वहीवर ओळी आखतो. उत्तम येतात.

आता कोयत्याचं.

दसरा झाला की आमच्या भागातली गावंच्या गावं रिकामी होतात. ऊसतोडीला माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवराबायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. मजुरी टनावर. ऊस मुळाशी, जमिनीलगत तोडायचा, त्यामुळं कोयता मातीत, खड्यांत जातो आणि दिवसातून कितीतरी वेळा कानस मारावी लागते. जेवढा वेळ कानस चालते तेवढा वेळ ऊस पडत नाही. म्हणजे धारेचा आणि पोटाचा हिशेब जर कुणाला रोजच्या रोज करावा लागत असेल तर तो या लोकांना, आबांना नाही. आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, आबांचं बोलणं पहिल्यांदा कुणी मनापासून ऐकलं ते त्यांच्या भाच्यानं.

खांडेनवमीचा दिवस होता. आबांनी पाटावर टिपांची डबी मांडून झेंडू वाहिला होता. भाचा कोयता घेऊन पूजेला आला आणि म्हणाला, "मामा, ह्याला बसंल का विडिया?"

सहा वर्षं लोकांना पटवणाऱ्या माणसाला अखेर कुणीतरी 'मलाही द्या' म्हटलं की त्याचं काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. आबा खाली बसले. मी म्हटलं, "आबा, लाडू! पाक कमी असला की आपटल्यावर फुटतो, तुम्हीच सांगितलंत. फडात दगड असतात." पण आबा आता आमच्यात नव्हते. "भिंतीला भोक पाडायच्या बिटाला काय असतं गुरुजी? विडिया. दगडात चालतंय ते उसात चालणार न्हाई?" बिटाच्या विडियाची ग्रेड वेगळी, मार सोसणारी, आणि लेथच्या टिपेची वेगळी, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी तेही बोललो. त्यांनी टाकणखार शोधायला सुरुवात केली.

रात्रभर गॅसच्या ज्योतीवर पितळी डाक देऊन त्यांनी कोयत्याच्या पात्यावर ओळीनं पाच टिपा बसवल्या. आणि इथं मला आबांचं खरं मोठेपण दिसलं. डबीतल्या संपलेल्या टिपा नाही वापरल्या. वहीत 'राखून' लिहिलेल्या, एकेक दोनदोन बाजू कोऱ्या असलेल्या टिपा काढल्या. सकाळी वहीत नोंद झाली: टिप 4, 6, 7, 11, 12: भाच्याचा कोयता. दसरा करून भाचा ट्रॅक्टरवर चढला. आबांनी त्याला निघताना खूण म्हणून कानस घरीच काढून ठेवायला सांगितली. त्यानं हो म्हटलं आणि कानस कमरेला खोचली.

पहिल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला नाही. दुसऱ्यातही नाही. आबा गल्लीत सांगत फिरले की धार लावायलाच थांबायला लागत नाही, तर फोनला कुठला थांबणार. नानांनी मान डोलावली.

गुढीपाडव्यानंतर टोळ्या परतल्या. भाचा संध्याकाळी आला, पडवीच्या दारात रुमाल खुंटीला अडकवला आणि कोयता आबांपुढं ठेवला. पातं कानशीनं घासून घासून दोन बोटं आत गेलं होतं, लखलखत होतं. टिपांपैकी एकही जागेवर नव्हती. नुसते पितळेचे डाग. "तिसऱ्या दिशीच गेल्या, मामा," तो खाली बघत म्हणाला. "धोंडा लागला. तडतड उडाल्या."

आबांनी कोयता उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिला. पात्यावरून अंगठा फिरवला, सवयीनं, आडवा. काहीतरी बोलतील म्हणून आम्ही थांबलो. त्यांनी कोयता ठेवला, खिशातून चष्मा काढला, फळीवरची वही घेतली आणि पेनाचं टोपण उघडलं.

"कोनत्या गावचा फड हुता?" त्यांनी विचारलं. "अकरा नंबरच्या दोन बाजू कोऱ्या हायेत."